पुस्तकाआधीचा पुरस्कार

अमेरिकेत एक साहित्य पुरस्कार आहे, तो पुस्तकाला मिळत नाही. ज्याचं पुस्तक अजून लिहून व्हायचंय अशा लेखकाला तो मिळतो, आणि त्याला वाळवंटाविषयी लिहायचं असेल तरच. कविता चालत नाही, कादंबरी चालत नाही. ललित अंगाचं पण कल्पित नसलेलं गद्य हवं. आपल्याला कोणत्या वाळवंटावर लिहायचंय आणि का, हे अर्जात मांडायचं, नमुन्यादाखल लेखन जोडायचं. अलीकडे रक्कम होती पाच हजार डॉलर. आपल्याकडे चार लाखांच्या वर जाणारा हा आकडा मोठा वाटेल, पण तिकडे त्यात काही महिन्यांचं घरभाडं आणि गाडीचं पेट्रोल भागतं. हा ‘एलन मेलॉय निधी’चा वाळवंट-लेखन पुरस्कार. बड्या पारितोषिकांपेक्षा मला तो जास्त शहाणा वाटतो.

एलन मेलॉय युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, ब्लफ नावाच्या छोट्याशा गावात राहायची. नवरा नदीवरचा सरकारी रेंजर. त्याच्यासोबत ग्रीन नदीच्या खोऱ्यात काढलेल्या दिवसांतून तिचं ‘रेव्हन्स एक्झाइल’ (१९९४) आलं. ‘द अँथ्रोपॉलॉजी ऑफ टर्कॉइज’ हे पुस्तक २००३ साली पुलित्झरच्या अंतिम यादीत होतं. नोव्हेंबर २००४मध्ये ती अचानक गेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. वाळवंटातल्या रानमेंढ्यांवरचं ‘ईटिंग स्टोन’ तिच्या पश्चात छापलं गेलं. तिच्या नावाचा निधी २००५ सालचा.

वाळवंटावर लिहिणारे बरेचसे लेखक एकांताच्या प्रेमात पडून आध्यात्मिक होतात. मेलॉय तशी नव्हती, ती विनोदी होती आणि खोचक. ‘द लास्ट चीटर्स वॉल्ट्झ’ (१९९९) या पुस्तकाची सुरुवातच अशी, की सकाळी तिने मगात उकळतं पाणी ओतलं आणि मगात झोपलेला सरडा शिजला. त्या अपराधी भावनेतून ती आपल्या घराभोवतीच्या मुलखाचा नकाशा काढायला निघते. नकाशात काय काय येतं? युरेनियमच्या खाणी. बॉम्ब जिथे घडवला ते लॉस अलामोस. १६ जुलै १९४५ला पहिला अणुस्फोट जिथे झाला ते ट्रिनिटीचं मैदान. ज्या भूमीच्या सौंदर्यासाठी ती तिथे राहायला गेली, तीच भूमी बॉम्बसाठी निवडली गेली होती. कारण सरकारच्या लेखी तिथे काही नव्हतं.

हे ‘काही नव्हतं’ फार महाग पडलेलं आहे. १९४४ ते १९८६ या काळात एकट्या नाव्हाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियम-खनिज उपसलं गेलं. बंद पडलेल्या पाचशेहून अधिक खाणी तिथे मागे राहिल्या. नेवाडाच्या वाळवंटात १९५१पासून अणुचाचण्या सुरू झाल्या. आपणही वेगळे नाही. १९७४ साली आणि पुन्हा १९९८ साली आपण पोखरण निवडलं. तेव्हा देशाने पेढे वाटले, पण शेजारच्या खेतोलाई गावाचं नाव किती जणांना ठाऊक आहे? जिथे काही नाही असं आपण एकदा ठरवलं, की तिथे काहीही करता येतं.

पोखरणभोवतीच्या थर वाळवंटात काही नाही, हे एका माणसाने मात्र ऐकून घेतलं नाही. अनुपम मिश्र यांचा जन्म १९४८ सालचा, आपल्या वर्ध्यातला. ‘राजस्थान की रजत बूंदें’ (१९९५) या त्यांच्या हिंदी पुस्तकात वाळवंट हे पाण्याचं शास्त्र जाणणाऱ्या लोकांचं घर म्हणून दिसतं. पाऊस किती पडला, हे तिथली माणसं वाळूत ओल किती बोटं उतरली त्यावरून मोजतात. जमिनीखाली जिथे खडूसारख्या दगडाचा थर आहे, तिथे पावसाची ओल खाली खाऱ्या पाण्यात न मिसळता वाळूतच अडकून राहते. ती थेंब थेंब गोळा करायला अरुंद तोंडाची खोल कुंई खणतात. दिवसाकाठी त्यातून दोन-तीन घडे गोडं पाणी मिळतं. तेवढंच, पण रोज.

अशी माहिती दोन दिवसांच्या दौऱ्यात मिळत नाही. मिश्र वर्षानुवर्षं फिरू शकले, कारण दिल्लीच्या गांधी शांति प्रतिष्ठानाचं छप्पर डोक्यावर होतं. त्यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ हे पुस्तक निघालं १९९३ साली. त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला २०११ साली. पुरस्कार योग्यच, पण त्याच्या जोरावर पुस्तक झालं नाही. पुस्तक झालं ते आधी मिळालेल्या वेळामुळे.

आता आपल्याकडे येऊ. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्काराला छापलेलं पुस्तक लागतं. साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाला तयार हस्तलिखित लागतं. खासगी संस्थांचे बहुतेक पुरस्कारही पुस्तक हातात पडल्यावरच शाल-श्रीफळ घेऊन येतात. लिहिण्याआधीची पायपीट, एसटीचे पैसे, बुडालेला रोजगार हे सगळं लेखकाच्या खिशातून. म्हणून आपलं वैचारिक आणि माहितीपर लेखन बरंचसं प्राध्यापक, पत्रकार आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या हाती राहिलं. त्यांनी चांगलं लिहिलं, पण ज्याला पगारी रजा मिळत नाही त्याचं पुस्तक राहून गेलं.

आणि आपल्याकडे वाळवंट नसलं तरी ‘काही नाही’ म्हणून हिणवलेली जमीन भरपूर आहे. माणदेशापासून सोलापूरपर्यंतची माळरानं कागदोपत्री पडीक ठरली. लांडगा, काळवीट आणि मेंढरं घेऊन फिरणारा धनगर कागदावर उमटले नाहीत. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तोच पक्षी राजस्थानात गोडावण म्हणून जगायला धडपडतो आहे. सौर आणि पवन प्रकल्पांच्या विजेच्या तारांमुळे त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेश कथा-कादंबरीत अजरामर केला. कल्पित नसलेल्या गद्यात मात्र आपण दुष्काळ लिहितो, माळ लिहीत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर, जूनमध्ये पाऊस, की विषय संपला. कोरडी जमीन आपल्याला फक्त तिच्या उणिवेतून दिसते.

अशा जमिनीवर लिहायला थांबावं लागतं. पाऊस वर्षात मोजके दिवस येतो, माळढोकची मादी विणीला बहुधा एकच अंडं घालते. जो बाराही महिने तिथे नसतो, त्याच्या नजरेला खरोखरच काही पडत नाही.

‘आगाऊ पैसे दिले आणि पुस्तक आलंच नाही तर?’ हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. काही पुस्तकं येणार नाहीत. पण आजच्या पद्धतीत जी पुस्तकं लिहिलीच जात नाहीत, त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही, एवढाच फरक. बंगळुरूचं न्यू इंडिया फाउंडेशन स्वातंत्र्योत्तर भारतावरच्या पुस्तकांसाठी अशी अभ्यासवृत्ती देतं, आणि त्यातून दणकट पुस्तकं आलेली आहेत. दुसरा आक्षेप, विषय इतका चिंचोळा कशाला? कारण चिंचोळ्या विषयात परीक्षकाला जमीन ठाऊक असते आणि गुळगुळीत शैलीला फसायला तो तयार नसतो.

तेव्हा एखाद्या साहित्य संस्थेने पुढच्या वार्षिक समारंभाचा हॉल, हार आणि स्मृतिचिन्हं यांचा खर्च बाजूला काढावा आणि एकाच लेखकाला, एकाच माळासाठी, वर्षभराला द्यावा. अर्जात पदवी विचारू नये, कोणत्या गावात राहणार ते विचारावं. मेंढपाळाच्या शिकल्या-सवरल्या मुलीचा अर्ज आला तर तो सगळ्यात वर ठेवावा. आणि ३१ मार्चच्या आत पुस्तक मागू नये.