पंधरा दिवसांचे सरकार आणि यकृताचा रोगी

यकृताच्या सिरोसिसचा रोगी म्हणजे दारुडा, आणि दारुडा म्हणजे स्वतःच्या कर्माची फळे भोगणारा माणूस, असा एक सोयीचा सिद्धांत आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. सोयीचा अशासाठी की, तो मान्य केला म्हणजे सरकारकडे काही मागायचेच उरत नाही. वास्तविक ‘ब’ आणि ‘क’ प्रकारच्या काविळीनेही सिरोसिस होतो. मधुमेह व स्थूलता यांच्या जोडीने यकृतात साठणाऱ्या मेदानेही होतो. पण घटकाभर दारूचेच धरून चालू. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढवले, ते वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षून. पेल्यात भागीदार असलेल्या सरकारने आजारातली भागीदारी नाकारावी, हा कोणता न्याय?

योजना आहेत ना, असे उत्तर मिळते. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, हे खरे. पण ते रुग्णालयातील मुक्कामापुरते, त्याआधीच्या ३ आणि नंतरच्या १५ दिवसांपुरते. सिरोसिस पंधरा दिवसांत आटोपत नाही. पोटात पुन्हा पुन्हा पाणी साठते, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, रोगी भ्रमिष्ट होतो. शिरा फुटण्याचा धोका कमी करणारे प्रोप्रानोलॉल आणि भ्रम रोखणारे लॅक्ट्युलोज ही जुनी, पेटंटमुक्त औषधे आहेत. सोळाव्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात शिल्लक असली तर ठीक. नसली तर हातावर पोट असलेला माणूस ती बंद करतो आणि रक्त ओकत परत येतो. गोळीचा खर्च वाचवून खाटेचा खर्च सोसणे, याला काटकसर म्हणत नाहीत.

रुग्णालयातही निकाल पैशावरच लागतो. पोटातील पाण्यात जंतुसंसर्ग झालेल्या १२६ रोग्यांवर स्पेनमध्ये झालेली चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसते प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी शेकडा २९ रुग्णालयातच दगावले. जोडीला अल्ब्युमिन मिळालेल्यांपैकी शेकडा १०. मानवी रक्तद्रवापासून बनणारे हे औषध महाग आहे. ते बाहेरून आणण्याची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती पडते, तेव्हा जगणे-मरणे औषधाच्या दुकानात ठरते.

हे अटळ नाही. ‘क’ काविळीवरील सोफोसबुव्हिरची एक गोळी २०१३ मध्ये अमेरिकेत १००० डॉलरला विकली जात होती; भारतीय कारखान्यांनी ती स्वस्तात बनवली आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या काविळीवर मोफत उपचार मिळू लागले. इच्छा असली की तिजोरी उघडते.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : मद्यकराचा निश्चित हिस्सा यकृतरोग्यांसाठी राखून ठेवा, घरी घ्यावयाची औषधे योजनेत आणा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अल्ब्युमिनचा साठा ठेवा. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात हा साठा किती, हे लेखी विचारावे. रोगी दया मागत नाही. आपला हिशेब मागतो आहे.