कानातले यंत्र आणि अण्णांचा प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुटीत वडिलांबरोबर बडोद्याला नातेवाइकांकडे गेलो होतो. तेथे लक्ष्मी विलास राजवाडा पाहिला. तिकिटाबरोबर कानाला लावायचे यंत्र मिळते. ज्या दालनात उभे असू त्याची कळ दाबायची आणि माहिती ऐकायची. सोबत वाटाड्या नाही, कोणाची घाई नाही. अशा यंत्राने ऐतिहासिक वास्तू पाहणे चांगले की वाईट, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. त्या वादात जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

प्रथम चांगली बाजू. ज्यांच्या घरातून आजवर कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्यांना मोठ्या दारात पाऊल टाकताना काय धाकधूक होते, हे त्यांनाच ठाऊक. वाटाड्याला काही विचारावे, तर आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडायचे! यंत्र हसत नाही. न समजलेले पुन्हा ऐकवते. ते कोणाची जातही विचारत नाही, आणि ही गोष्ट लहान नव्हे. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले. १९१७ साली ते नोकरीसाठी याच बडोद्यात आले, तेव्हा एवढ्या विद्वानाला या शहरात धड राहायला जागा मिळाली नाही.

तरीही माझी एक तक्रार आहे आणि ती स्वतःबद्दलच आहे. मी इंग्रजी निवेदन घेतले, अण्णांनी हिंदी. दरबार हॉलमधली व्हेनिसच्या कारागिरांनी घडवलेली फरशी, रंगीत काचांच्या खिडक्या, पुढे राजा रविवर्म्याची चित्रे, सारे मी तल्लीन होऊन पाहत-ऐकत होतो. मेजर मँट याने आराखडा केला, चिझम याने काम पुरे केले, १८९० साली वाडा उभा राहिला. आपण फार शहाणे झालो, असे वाटू लागले. वळून पाहिले, तर अण्णांचे यंत्र गळ्यात लोंबत होते.

"एकट्यानं कानात काय ऐकायचं? तू सांग की," ते म्हणाले.

"घरी गेल्यावर सांगतो," मी म्हणालो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग फरशीकडे पाहत म्हणाले, "का रे, एवढं पुसायला रोज किती माणसं लागत असतील?" मी चटकन कळ दाबली! ऐकून घ्यायच्या यंत्राला कधी प्रश्न विचारता येतो का? मग त्यांनीच मला विचारले, "हा राजा आपल्या कवळाण्याचा, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हते. आमचा तालुका मालेगाव आणि कवळाणे त्याच तालुक्यातले. तिथल्या शेतकऱ्याघरचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन गादीवर कसा बसला, हे अण्णा हातवारे करून सांगू लागले. शेजारचे एक कुटुंब कानातले काढून ऐकत उभे राहिले. त्या दिवशी राजवाडा मला खरा तेव्हा दिसला.

बाराव्या वर्षापर्यंत ज्याला अक्षरओळख नव्हती, त्या मुलाने पुढे शिकलेले स्वतःपुरते ठेवले नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात त्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आणि आपण? वर्गातली व्याख्याने, नोट्स, गाइडे हेही कानातले यंत्रच आहे. घरातले पहिले पदवीधर होऊ पाहणारे आपण ते कानाला लावून पुढे चालत राहतो. मागे कोणी थांबले आहे, याचे भान राहत नाही.

म्हणून माझे मत असे की, यंत्र जरूर घ्यावे, पण प्रत्येक दालनानंतर ते कानातून काढावे. ऐकलेले सोबतच्याला सांगावे आणि त्याचे ऐकावे. पुढच्या सहलीत आपण हे करून पाहू या.

मी आता दर रविवारी अण्णांना आठवड्याचा अभ्यास सांगतो. ते प्रश्न विचारतात आणि पुष्कळदा मी निरुत्तर होतो. फरशी पुसणाऱ्यांचा हिशेबही अजून मला सापडलेला नाही.

— द्वितीय वर्ष, कला