शीळ, टकटक आणि खरखर

पेडणे आणि डिचोली हे गोमंतकाच्या उत्तर सीमेवरचे दोन तालुके. येथे मोटारसायकल ही चैनीची वस्तू नसून घरातल्या कर्त्या माणसासारखी आहे. बाजारहाट, शाळा, कचेरी, देवदर्शन हे सारे तिच्याच भरवशावर चालते. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा ‘पायलट’ हा तर गोव्याचाच विशेष. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरील मनोहर विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली आणि त्या बाजूच्या रस्त्यांना नवे फाटे फुटले. आंब्याच्या झाडावरून आणि देवळाच्या कळसावरून वाट ओळखणारा चालकही आता हँडलवरच्या मोबाईलचे मार्गदर्शन हेल्मेटमध्ये बसवलेल्या छोट्या स्पीकरांतून ऐकतो. मागे बसलेल्या माणसाशी इंटरकॉमवरून बोलण्याची सोयही पुष्कळांनी करून घेतली आहे.

सोय झाली, पण तिच्या पाठोपाठ एक उपद्रवही आला. इंजिन सुरू होताच कानात बारीक शीळ वाजू लागते. वेग वाढवावा तसा तिचा स्वर चढतो. कधी टकटक ऐकू येते, तर कधी खड्ड्यातून जाताना खरखर होते. ‘पुढे डावीकडे वळा’ हे शब्द त्यात विरून जातात. अशा वेळी बहुतेक जण आवाज वाढवतात, आणि नेमके तेच करू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद पडलेल्या खाणींपैकी डिचोलीतील खाण २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि खनिजवाहू ट्रक पुन्हा दिसू लागले. अरुंद रस्त्यावर, आंधळ्या वळणापलीकडून येणारा ट्रक डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतो. शीळ दडपण्यासाठी वाढवलेला आवाज त्या ट्रकचा हॉर्नही दडपून टाकतो. म्हणून हा उपद्रव मुळापासून काढणे ही हौसेची नव्हे, जिवाची गोष्ट आहे.

सुदैवाने हे आवाज लबाड नाहीत. प्रत्येक जण आपला पत्ता स्वतःच सांगतो.

प्रथम टकटक घेऊ. १८८७ साली हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विजेची ठिणगी पाडून विद्युत्चुंबकीय लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. मोटारसायकलचा प्लग आजही तेच करतो. हजारो व्होल्टच्या दाबाने त्यात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते, पण त्याबरोबर लहरीही उठतात. प्लगकडे जाणारी जाड वायर त्यांची एरियल होते. इंजिन संथ चालू असता सेकंदाला दहा-वीस ठिणग्या पडतात. तीच टकटक होय. यावर उपाय म्हणजे आत सुमारे ५,००० ओहमचा रोध असलेला प्लग. अशा प्लगच्या क्रमांकात बहुधा ‘आर’ हे अक्षर असते. जुन्या बुलेट, राजदूत, येझदी या गाड्यांत पुष्कळदा साधा प्लग आढळतो. त्यांना रोध असलेली प्लगची टोपी बसवली तरी बराच फरक पडतो. उलट, २०२० नंतरच्या गाड्यांत पेट्रोलचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. तिलाही ठिणगीच्या लहरींचा त्रास होतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाखेरीज दुसरा प्लग त्या गाड्यांत घालू नये.

शीळ मात्र ठिणगीची नव्हे. ती बॅटरी भारणाऱ्या जनित्राची असते. जनित्र प्रत्यावर्ती प्रवाह देते आणि रेक्टिफायर त्याचा एकदिश प्रवाह करतो, पण तो अगदी सपाट होत नाही. त्यावर बारीक तरंग राहतात. समजा, जनित्राला बारा चुंबकध्रुव आहेत आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला ५० फेरे आणि ३०० आवर्तने झाली. तीन फेजच्या रचनेत एका आवर्तनाला सहा तरंग उठतात, म्हणजे सेकंदाला १,८०० तरंग होतात. मानवी कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या टापूत. तरंग त्याच्या उंबरठ्यावरच येऊन ठेपतात, आणि म्हणून एवढीशी शीळही डोके उठवते.

पण हे तरंग आवाजाच्या वायरीत शिरतात कसे? डिचोलीकडची कुळागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन कळेल. माडा-पोफळींना पाणी देणाऱ्या दोन तळ्यांची पातळी दोन बोटांनी जरी वेगळी असली, तरी त्यांना जोडणाऱ्या पाटातून पाणी न बोलावता वाहू लागते. मोबाईल गाडीच्या चार्जरवर आहे, इंटरकॉमही गाडीच्या विजेवर आहे आणि दोघांना आवाजाची वायर जोडते आहे, अशी कल्पना करा. दोघांची ऋण टोके गाडीच्या सांगाड्याला वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेली असतात. हेडलाईट, हॉर्न, बॅटरीचे भारण यांचा प्रवाह त्याच सांगाड्यातून परततो आणि त्या दोन ठिकाणांत व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडतो. तेवढा फरक आवाजाच्या वायरीतून वाहायला पुरेसा होतो. यालाच अर्थिंगचा फेरा म्हणता येईल.

याची परीक्षा सोपी आहे. गाडी उभी असता इंजिन सुरू ठेवून मोबाईल चार्जरवरून काढावा. शीळ थांबली तर दोष या फेऱ्याचा किंवा चार्जरचा. मग दोन्ही यंत्रांना बॅटरीपाशी एकाच ठिकाणाहून वीज द्यावी आणि दोन्ही ऋण तारा सांगाड्याऐवजी बॅटरीच्याच ऋण टोकाला न्याव्यात. धन तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा, त्यात काटकसर करू नये. एवढ्याने भागले नाही तर आवाजाच्या वायरीत एक छोटा विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये धातूचा संबंध नसतो. आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो, तरंग मात्र अलीकडेच अडतो. ब्लूटूथवर आवाजाची वायरच नसते, त्यामुळे हा फेरा सहसा होत नाही. इंटरकॉम गाडीच्या विजेवर लावताच शीळ येत असेल तर तो घरी भारून न्यावा, हा बिनखर्चाचा उपाय.

इंजिन बंद, केवळ किल्ली फिरवलेली, आणि तरीही गुणगुण असेल, तर संशय हलक्या प्रतीच्या चार्जरवर किंवा मागाहून बसवलेल्या एलईडी दिव्यावर घ्यावा. दोन्हींच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. जीपीएसचा संदेश सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतो आणि अत्यंत क्षीण असतो. निकृष्ट चार्जर मोबाईलला चिकटून असला तर त्या संदेशातही अडथळा येऊ शकतो. चांगला चार्जर आणि वायरीवर एक फेराइटचे कडे, एवढ्याने बहुधा भागते.

राहिली खरखर. ती गाडीने हिसका खाल्ला किंवा हँडल वळवले की येते, आणि तिचे मूळ सैल किंवा गंजलेल्या जोडात असते. केरी, हरमल, मोरजी या पेडण्याच्या किनारपट्टीवर खारा वारा तांब्याला हिरवी बुरशी चढवतो. डिचोलीत तांबडी धूळ जोडांत बसते आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते. दर वर्षी मृगापूर्वी बॅटरीची टोके आणि अर्थिंगचा बोल्ट घासून, आवळून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. आवाजाची वायर प्लगच्या वायरीपासून आणि कॉईलपासून वीतभर तरी दूर ठेवावी. तिला वीजवायरीला ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडू द्यावे. तिच्या बरोबरीने धावू देऊ नये.

एवढे झाल्यावर आवाज आपोआप निम्म्यावर आणता येतो. २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चालकाला मोबाईलचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, करू दिला आहे. गाडीवरून दूरध्वनीवरच्या गप्पांना त्यात स्थान नाही.

गोमंतकाला खरखरीतून शब्द वेचण्याची सवय जुनी आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून मुक्तीचे नभोवाणी केंद्र चालवले. तो आवाज गोमंतकीय चोरून ऐकत. त्या काळी शब्द ऐकण्यासाठी धोका पत्करणे हे कर्तव्य होते. आज वळणाचा एक शब्द ऐकण्यासाठी ट्रकचा हॉर्न गमावण्याचे काही कारण नाही. रविवारची एक सकाळ, एक पाना, पॉलिश कागदाचा तुकडा आणि थोडा धीर, एवढ्या भांडवलावर हे काम घरच्या अंगणात होते.