पटर हाताला विचारून घ्यावा

डिस्क गोल्फच्या दुकानात नवखा खेळाडू शिरला, की त्याची नजर आधी नावांवर जाते. पॉल मॅकबेथच्या नावाची ‘लूना’, केन क्लायमोच्या आद्याक्षरांची ‘केसी एव्हिअर’, एरिक मकेबची ‘ईमॅक जज’. मॅकबेथ सहा वेळा जगज्जेता, क्लायमो बारा वेळा, मकेब २०१०चा विजेता. अशी माणसं ज्या डिस्कवर विसंबली ती आपल्याला कशी दगा देईल, असं वाटून तो त्यातली एक उचलतो, पैसे मोजतो, आणि थोड्याच दिवसांत ती पिशवीच्या तळाशी जाते. दोष डिस्कचा नसतो. ती दुसऱ्याच्या मनगटाला बेतलेली असते.

परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या अनेक मराठी आईवडिलांनी तिथल्या उद्यानांत लोखंडी खांबावरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्याखालची टोपली पाहिलेली असेल. तेच हे डिस्क गोल्फ. हिशेब गोल्फचाच, फक्त चेंडूऐवजी डिस्क: कमीत कमी फेकींत ती टोपलीत पोचवायची. ‘व्हॅम-ओ’ कंपनीत फ्रिस्बीला आजचं रूप देणाऱ्या एड हेड्रिकने कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. पुढे साखळ्यांची टोपलीही त्यानेच घडवली आणि १९७६ मध्ये ‘पीडीजीए’ ही खेळाडूंची संघटनाही उभी केली. लांब पल्ल्यासाठी ड्रायव्हर, मधल्या टप्प्यासाठी मिडरेंज आणि शेवटच्या काही पावलांसाठी पटर, अशी डिस्कची तीन मुख्य घराणी आहेत. सामने बहुतेकदा या शेवटच्या घराण्यावर सुटतात.

टोपलीभोवती १० मीटरचं एक वर्तुळ धरलेलं असतं. त्याच्या आतून फेकताना डिस्क सुटल्यावर खेळाडूला स्वतःचा तोल सांभाळून दाखवावा लागतो, पुढे झेपावून चालत नाही. म्हणजे धाव नाही, उडी नाही. उरतात गुडघे, कोपर, मनगट आणि बोटं. एकाच उंचीच्या, एकाच वयाच्या दोन खेळाडूंची फेक इथे वेगळी दिसते, ती यामुळेच. अशा ठिकाणी कोणताही एकच पटर सर्वांना लागू पडेल असं सांगणं खेळाडूवर अन्याय करणारं आहे.

ढोबळमानाने दोन घराण्यांच्या फेकी आहेत. ‘पुश पट’ करणारा खेळाडू डिस्क मांड्यांच्या मध्ये खाली नेतो. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर येतं आणि त्याच ओघात जवळपास सरळ असलेला हात वर उचलला जातो. मनगट शांत असतं. हात टोपलीकडे रोखला जातो, पाची बोटं उघडतात, आणि डिस्क कमी गिरक्या घेत, जराशी उचलून, साखळ्यांत वरून उतरते. चुकली तरी ती टोपलीच्या पायाशीच पडते, त्यामुळे पुढची फेक सोपी होते. ‘स्पिन पट’ वाल्याचा मामला उलट. तो डिस्क छातीशी ओढतो, कोपर वाकतं, मग मनगट झटक्यात उलगडतं. डिस्क सपाट आणि वेगाने जाते, भरपूर गिरक्यांमुळे वाऱ्यातही डगमगत नाही आणि कमी ताकदीत लांब पोचते. चुकली, की मात्र टोपली मागे टाकून दूर निघून जाते. पुष्कळ खेळाडू या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात. दोन्हींची सरमिसळ करणाऱ्या या फेकीला खेळाडू ‘स्पुश’ म्हणतात.

निवड इथून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात ती सुरू होते डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांपासून.

स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड असे ते आकडे. एव्हिअरचे २, ३, ०, १. लूनाचे ३, ३, ०, ३. ‘इनोव्हा’ कंपनीने रूढ केलेली ही पद्धत आज बहुतेकांनी उचलली आहे, पण हे आकडे प्रत्येक कंपनी आपल्या डिस्कला स्वतःच देते. पीडीजीए डिस्कचं वजन, व्यास, कडेचा आकार तपासते. ती कशी उडते याला गुण देत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे आकडे पूर्ण जोराने फेकलेल्या डिस्कचे असतात. सहा-सात मीटरवरून हळुवार सोडलेल्या पटरला टर्न, म्हणजे वेगात असतानाचं वळण, दाखवण्याइतका वेग येतच नाही. पटिंगपुरते बघायचे ते दोनच: ग्लाइड, म्हणजे डिस्क हवेत किती तरंगते, आणि फेड, म्हणजे वेग मंदावला की उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क डावीकडे किती कलते.

पुशवाल्याची डिस्क मुळातच मंद आणि कमी गिरक्यांची, त्यामुळे फेड जास्त असेल तर ती टोपलीपाशी पोचता पोचता डावीकडे घसरते. त्याने सरळ चालीची, बऱ्यापैकी ग्लाइड असलेली डिस्क घ्यावी. ‘जज’चा ग्लाइड ४ आहे, तो अशा हाताला साथ देतो. स्पिनवाल्याने ग्लाइडच्या मोहात पडू नये, कारण त्याच्या फेकीत पल्ला आधीच आहे. स्वीडनच्या ‘कास्टाप्लास्ट’ची ‘बेर्ग’ या बाबतीत टोकाची: ग्लाइड फक्त १. ती तरंगत नाही, जोर संपला की खाली बसते. ज्याच्या चुकलेल्या फेकी वारंवार टोपलीपलीकडे चार-पाच मीटर जातात, त्याने एकदा तरी बेर्ग हातात घेऊन पाहावी.

आकड्यांहून मोठा प्रश्न कडेचा आहे, आणि त्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. काही पटरच्या कडेला खालच्या अंगाने एक बारीक उंचवटा फिरतो, त्याला बीड म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया इथे असलेल्या ‘डायनॅमिक डिस्क्स’ची ‘जज’ बीडची आहे आणि ‘वॉर्डन’ म्हणजे तीच डिस्क, बीड काढलेली. दुकानात या दोन्ही शेजारी ठेवून डोळे मिटून हातात घ्याव्यात. चारही बोटं कडेच्या आत वळवून घट्ट मूठ करणाऱ्याला बीड हवासा वाटतो, कारण डिस्क कुठे धरली आहे ते बोटांना न बघता कळतं. बोटं पंख्यासारखी पसरून माथ्याला खालून आधार देणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र तोच बीड डिस्क सुटताना आड येतो. हा काही पक्का नियम नाही. पण हाताला जे खुपतं ते पुढे सरावाने जाईल, ही समजूत घातक आहे. हात खुपणारी जागा टाळायला शिकतो, पकड तिरकी होते, आणि मग डिस्क रोज वेगळ्या कोनातून सुटते. नको असलेला बीड घरी घासून काढण्याची सोयही नाही. डिस्कच्या उडण्यात फरक पडेल असा बदल पीडीजीएच्या नियमात बसत नाही.

कडेची खोलीही अशीच पाहावी. लहान तळव्याच्या, आखूड बोटांच्या माणसाला खोल कडेची डिस्क नीट वेढता येत नाही. पुण्या-मुंबईत अल्टिमेट फ्रिस्बी खेळणारी मुलंमुली पटर पहिल्यांदा हातात घेतात तेव्हा हा फरक त्यांना लगेच जाणवेल. अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची आणि साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची असते. पटरचं वजन बहुतेकदा १७० ते १७५ ग्रॅम, पण व्यास जेमतेम २१ सेंटिमीटर. (पीडीजीएच्या नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमच्या वर जाता येत नाही.) तेवढंच वजन लहान वर्तुळात दाटलेलं, त्यामुळे हाताचा अंदाज नव्याने बसवावा लागतो.

प्लास्टिकच्या बाबतीत महाग ते चांगलं हे गणित पटरला लावू नये. चकचकीत, टिकाऊ प्लास्टिक ड्रायव्हरला हवं, कारण तो झाडांवर आदळतो. पटिंगसाठी साधं, स्वस्त, किंचित खरखरीत प्लास्टिक अधिक चांगलं धरलं जातं आणि साखळ्यांनाही बिलगतं. ‘एमव्हीपी’चं इलेक्ट्रॉन प्लास्टिक मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन प्रकारांत मिळतं. पुशवाल्याची पकड हलकी, त्याला मऊ डिस्क सुखाची. मनगटाचा झटका देणारा तीच डिस्क आवळतो, कड दबते आणि सुटण्याचा क्षण मागेपुढे होतो. त्याने मध्यम किंवा कडक घ्यावी. हवामानही विसरू नये. असं साधं प्लास्टिक थंडीत ताठरतं, उन्हात लिबलिबीत होतं. मिनेसोटातल्या मराठी खेळाडूला जानेवारीत जे मऊ प्लास्टिक बरं वाटेल, ते जुलैत वाटेलच असं नाही.

या दोन घराण्यांबाहेरचीही माणसं आहेत. थायलंडमध्ये जन्मलेली ऑन स्कॉगिन्स अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक स्पर्धांमध्ये ‘टर्बो पट’ करते. डिस्क डोक्याच्या उंचीवर उभी, अंगठा माथ्याखाली मध्यभागी, बोटं कडेवर, आणि तिथूनच पुढे फेक. नवख्यांना ही पद्धत विचित्र वाटते, प्रशिक्षक बहुधा ती शिकवत नाहीत. तिने ती सोडली नाही. अशा पकडीत सगळा भार माथ्यावर येतो, तेव्हा अंगठ्याच्या दाबाने वाकणारी मऊ डिस्क कामाची नाही.

जाणकार यावर म्हणतील की चांगला खेळाडू कुठल्याही डिस्कने पट मारतो, खरी गोष्ट सराव. ज्याची फेक घडून पक्की झाली आहे त्याच्याबाबत हे सोळा आणे खरं. पण सल्ला हवा असतो तो ज्याची फेक अजून घडतेय त्याला. कॅरमच्या स्ट्रायकरचं वजन आपण बोटाच्या जोरावरून ठरवतो, विजेत्याकडे पाहून नाही, इथेही तेच. शिवाय सराव म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं, आणि दर पंधरवड्याला पटर बदलणाऱ्याला ‘तीच गोष्ट’ सापडतच नाही. एक मॉडेल ठरलं की त्याच वजनाच्या, त्याच प्लास्टिकच्या चार-पाच डिस्क घ्याव्यात आणि एका हंगामात दुसऱ्या मॉडेलकडे पाहू नये.

लांबून फेकायचा पटर वेगळाच ठेवावा. २०२१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑग्डेनला जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड मॅकबेथच्या एका फेकीने मागे होता. त्याने २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ७५ मीटरवरून, ‘एन्व्ही’ नावाचा पटर थेट साखळ्यांत घातला, बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद घेतलं. पटर किती दूर आणि किती नेमका जाऊ शकतो ते जगाने तेव्हा पाहिलं. पण असा फेकलेला पटर दगडांवर, खोडांवर आपटतो, त्याची कड झिजते आणि उडणं बदलतं. वर्तुळाच्या आतल्या फेकीसाठी ठेवलेल्या डिस्कची अशी परीक्षा घेऊ नये.

यात दुकानांनी आणि क्लबांनीही थोडं मन मोठं करायला हवं. बंद पाकिटातली, नावांची, रंगीबेरंगी डिस्क विकणं सोपं आहे. त्यापेक्षा गल्ल्याशेजारी जुन्या पटरची एक पेटी ठेवावी: बीडची, बिनबीडची, खोल कडेची, उथळ कडेची, मऊ, कडक. बाहेर एक टोपली असावी. नवख्याला सहा मीटरवर उभं करून त्यातली प्रत्येक डिस्क दहा-दहा वेळा फेकू द्यावी आणि आत किती गेल्या यापेक्षा चुकलेल्या कुठे पडल्या ते त्याला दाखवावं. सगळ्या डावीकडे पडल्या तर फेड कमी असलेली पुढे करावी, सगळ्या पलीकडे गेल्या तर ग्लाइड कमी असलेली, आणि इकडेतिकडे विखुरल्या तर आधी त्याची पकड पाहावी.