लाखाची लेन्स नको, लांबचा झूम पुरे

दिवाळी आटोपली, धामच्या पात्रात आणि बोर धरणाच्या कडेला पाहुणे पक्षी उतरू लागले की मेसेज सुरू होतात. "दादा, पक्ष्यांसाठी स्वस्तातला कॅमेरा कोणता घेऊ?" विचारणारे कोण असतात? कॉलेजातली पोरं, झेडपी शाळेतले मास्तर, एखादा वनमजूर, सेलू-आर्वीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. ग्रुपवर मात्र उत्तर एकच ठरलेलं. "भाऊ, १५०-६०० शिवाय मजा नाही."

ही १५०-६०० ची लेन्स, म्हणजे सिग्मा किंवा टॅमरॉनची, नवी घेतली तर नुसती लेन्सच लाखाच्या घरात जाते. बॉडी वेगळी, कार्ड वेगळं, बॅग वेगळी. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. म्हणजे एका लेन्सपायी जवळपास १३ क्विंटल कापूस गेला, तोही हमीभाव मिळाला तर! मग हप्ते सुरू होतात, आणि दीड वर्षात तीच लेन्स "अर्जंट विकणे आहे" म्हणून ग्रुपवर परत येते.

माझं मत सरळ सांगतो. वर्धा जिल्ह्यात पक्षी बघायला सुरुवात करणाऱ्याने पहिला कॅमेरा ब्रिज प्रकारातला घ्यावा. म्हणजे लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा कॅमेरा. आणि तो लाइक्ससाठी कमी, नोंदीसाठी जास्त वापरावा. हे परवडतं म्हणून तर सांगतोच, पण आपल्या पक्ष्यांना आज त्याचीच गरज आहे.

आधी हिशोब बघा. तारेवर बाजूने बसलेला नीलपंख साधारण ३० सेंटिमीटरचा. तुम्ही ५० मीटरवर उभे आहात.

• निकॉनच्या साध्या डीएसएलआरवर ७०-३०० लेन्स लावली, तर ५० मीटरवर फ्रेमची रुंदी भरते सुमारे ४ मीटर. पक्षी त्यात तेराव्या हिश्श्याएवढा.
• त्याच बॉडीवर १५०-६०० लावली, तर रुंदी सुमारे २ मीटर. पक्षी सहाव्या हिश्श्याएवढा.
• निकॉन कूलपिक्स पी९५० चा झूम पूर्ण लावला, तर रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर. पक्षी फ्रेमच्या एक तृतीयांश!

पी९५० चा झूम फुलफ्रेमच्या भाषेत २००० मिमीपर्यंत जातो. त्याच्या आधीचा पी९०० (२०१५ चा) तेवढाच जातो, फक्त त्यात रॉ फाइल मिळत नाही. कॅनन एसएक्स७० चा झूम १३६५ मिमीपर्यंत आहे. डायलवर 'पक्षी' मोड हवा असेल तर तोही पी९५० वर आहे, नवख्याला बराच कामाचा.

आता उणी बाजू. ती कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो. या कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढा असतो. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण १३ पट. त्यामुळे ऊन गेलं की फोटोत दाणे दिसू लागतात. पहाटेचा पिंगळा, झाडीतला नवरंग, झेप घेणारी घार, इथे ब्रिज कॅमेरा कमी पडतो. फोकसही मंद. असा कॅमेरा घेऊन स्पर्धा जिंकायला निघालात तर निराश व्हाल.

पण एक गोष्ट मोठ्या लेन्सवालेही मान्य करतील. आपल्याकडे मार्चनंतर सकाळी दहा वाजले की जमिनीवरून वाफा उठतात आणि लांबचं सगळं हलायला लागतं. त्या हवेपुढे पाच लाखांची लेन्सही हतबल. विदर्भात चांगल्या फोटोसाठी खरा खर्च कशाचा, तर पहाटे उठण्याचा. तो फुकट आहे.

मग कुणी काय घ्यावं?

१) काहीच नसेल तर आधी ८x४२ ची दुर्बीण. पक्षी ओळखायला शिकल्याशिवाय कॅमेरा म्हणजे नुसता गळ्यातला दागिना.

२) बजेट वीस-पंचवीस हजारांच्या आसपास असेल तर जुना डीएसएलआर आणि ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स. जवळचे पक्षी, फुलपाखरं, गावातली जैवविविधता, सगळं होतं. घेताना लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का बघा, आपल्या पावसाळ्यात ती हमखास लागते. शटर किती वेळा पडलंय ते तपासा. बिल मागा. बिल नसलेला 'एकदम नवा' पीस घेऊ नका.

३) पाणपक्षी, माळरान, तारेवरचे पक्षी हा मुख्य छंद असेल तर ब्रिज कॅमेरा. नवा पी९५० पन्नास हजारांच्या वरच जातो, म्हणून वापरलेला पी९०० मिळाला तर सोडू नका.

४) १५०-६०० तेव्हाच, जेव्हा दोन हिवाळे सलग फिरून झाले असतील आणि हप्ता घरच्या किराण्यातून जाणार नसेल.

भाव रोज बदलतात, म्हणून आकडे ढोबळ धरा. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी सामान्य घरात ही वस्तू अजून चैनीतच मोडते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा फक्त खरेदीचा विषय असता तर एवढं लिहिलंच नसतं.

२०१८ साली वर्धेकरांनी मतदान करून नीलपंखाला शहरपक्षी निवडलं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा पक्षी. निवडणूक झाली, पोस्टर लागले, आपण खूश झालो. मग २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. देशभरातल्या ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर तो उभा आहे. ९४२ प्रजाती तपासल्या, त्यांतल्या १७८ तातडीच्या काळजीच्या यादीत गेल्या. आपला नीलपंख घटणाऱ्यांमध्ये आहे. सर्वत्र दिसणारा पक्षी म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

हे कळलं कशामुळे? पुरस्कार मिळालेल्या फोटोंमुळे नाही. साध्या माणसांनी ई-बर्डवर टाकलेल्या तारीख, वेळ, जागा, संख्या अशा कंटाळवाण्या नोंदींमुळे. दुर्मिळ पक्ष्याची नोंद तपासणारा विचारतो, पुरावा आहे का? तिथे धूसर फोटोही चालतो, पक्षी ओळखता आला की झालं. त्या जागी नखाएवढ्या सेन्सरचा फोटो आणि सहा लाखांच्या लेन्सचा फोटो एकाच रांगेत उभे असतात.

आता इथलंच उदाहरण घ्या. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तोडली गेली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. भावना खरी होती. पण कागदावर झाड म्हणजे नुसता एक आकडा असतो. कुठल्या झाडाच्या ढोलीत कोण राहतं, कुठल्या फांदीवर दरवर्षी कोण घरटं करतं, याच्या तारीखवार नोंदी आणि फोटो आपल्या हातात असतील तर बोलणं वेगळं होतं. नीलपंख ढोलीत अंडी घालतो. जुनं झाड गेलं म्हणजे त्याचं घर गेलं. पुढचा रस्ता, पुढचं तळं, पुढचं माळरान येणारच आहे. तेव्हा आपल्याकडे काय असेल? घोषणा, की पुरावे?

दुसरी गोष्ट अंतराची. २०२४ च्या शेवटी आपल्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींनी घेरले. व्हिडिओ देशभर फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. हातात मोबाइल असला की माणूस जवळ जातो, 'अजून थोडं पुढे घे' म्हणतो. आपलं बोर तर जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचं, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी. तिथे प्राण्याने मागे सरायचं तरी कुठे? लांबचा झूम म्हणजे लांब उभं राहायची सोय. आणि हे शिष्टाचारापुरतं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पक्ष्याचं घरटं किंवा अंडी यांना त्रास देणं शिकारीतच मोडतं. घरट्यासमोरची फांदी बाजूला करून काढलेला फोटो कितीही सुंदर असो, त्याला लाइक देऊ नका.

म्हणून माझी मागणी अशी. राज्य सरकारने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह जाहीर केलेला आहे, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. दरवर्षी बॅनर लागतो, भाषण होतं, फोटो प्रदर्शन होतं. या वेळी जिल्हा नियोजनच्या पैशातून तालुक्याला निदान दोन ब्रिज कॅमेरे आणि पाच दुर्बिणी घ्या. वाचनालयातल्या पुस्तकासारख्या नावावर द्या, आठवड्याने परत घ्या. वर्धा जिल्ह्याला आठ तालुके आहेत, म्हणजे सोळा कॅमेरे. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापुढे हा खर्च किती? १९३७ च्या शिक्षण परिषदेत हाताने शिकायचा विचार याच वर्ध्यात मांडला गेला. गावातलं तळं मोजणारी, त्यावरचे पक्षी नोंदवणारी आठवीतली पोरगी म्हणजे तोच विचार पुढे नेणं नाही का?

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर चार मित्र मिळून एक कॅमेरा घ्या, आळीपाळीने वापरा. घेतल्या दिवशी त्यातली तारीख-वेळ बरोबर लावा. मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतली माहिती गळून जाते. घुबडाच्या ढोलीचं किंवा घरट्याचं ठिकाण जाहीर करू नका. आणि दर रविवारी एकाच तळ्यावर जा, नवीन काही दिसो न दिसो. "आज काहीच नव्हतं" हीसुद्धा नोंद असते, आणि दहा वर्षांनी तीच सगळ्यात बोलकी ठरू शकते.

तुमच्या गावातल्या तळ्याचं नाव आणि तिथे शेवटचा नीलपंख कधी दिसला, एवढं कमेंटमध्ये लिहा. कॅमेऱ्याचं नाव नंतर विचारा.