विश्लेषण : मल्टिपल स्क्लेरॉसिसवर इंजेक्शनऐवजी गोळी, पण तपासण्यांचे काय?

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या आजारावर पूर्वी वर्षानुवर्षे इंजेक्शने घ्यावी लागत. आता गोळ्यांचा पर्याय आहे. वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्यातील रुग्णाला त्यांचा किती उपयोग होऊ शकतो आणि कोणती खबरदारी घ्यावी लागते, याविषयी…

आजार नेमका काय?

शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील ‘मायलिन’ या आवरणावर हल्ला करते. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे काही दिवस वा आठवडे राहून ओसरतात आणि पुन्हा उलटतात. हाच ‘रिलॅप्सिंग’ प्रकार. सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक. लक्षणे आपोआप ओसरत असल्याने अनेकदा निदान लांबते.

गोळ्या कोणत्या?

अमेरिकेत २०१० मध्ये फिंगोलिमॉड या पहिल्या गोळीला मान्यता मिळाली. ती हल्लेखोर पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींतच अडकवून ठेवते. चाचणीत औषधविरहित गोळीच्या तुलनेत आजार उलटण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. पुढे टेरिफ्लुनोमाइड (२०१२) आणि डायमिथाइल फ्युमरेट (२०१३) आले. तिन्हींची भारतीय जेनेरिक औषधे मिळतात. मात्र या गोळ्या आजार समूळ बरा करत नाहीत.

ग्रामीण भागात फायदा कोणता?

इंटरफेरॉनची इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, वीज गेल्यावर हे अवघडच. गोळ्यांना फ्रिज लागत नाही.

मग अडचण कुठे?

गोळी सोपी, देखरेख नाही. फिंगोलिमॉडच्या पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून सहा तास निरीक्षणाखाली राहावे लागते. तीन-चार महिन्यांनी डोळे तपासावे लागतात. टेरिफ्लुनोमाइडने यकृताला इजा होऊ शकते. ते गरोदरपणात वर्ज्य आहे आणि बंद केल्यावरही दोन वर्षांपर्यंत शरीरात राहू शकते. मूल हवे असलेल्या तरुणीला हे आधीच सांगणे आवश्यक ठरते. डायमिथाइल फ्युमरेट घेताना रक्तातील पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. बरे वाटते म्हणून फिंगोलिमॉड परस्पर बंद केल्यास आजार अधिक जोराने उलटू शकतो.

उपाय काय?

निदानासाठी एमआरआय आणि मेंदूविकारतज्ज्ञ लागतात. त्यासाठी अकोला किंवा नागपूर गाठावे लागते. पण नंतरच्या रक्ततपासण्या जवळच करून अहवाल तज्ज्ञांना पाठवता येतो. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेतून डॉक्टरांचा दूरस्थ सल्लाही मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश असून, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सवलती मिळू शकतात. गोळी गावापर्यंत पोहोचू शकते. तपासण्यांची साखळीही तितकीच जवळ आली, तरच ती सुरक्षितपणे घेता येईल.