मुलांना इथिओपियाचा नाताळही सांगा

मराठी मुलांना आफ्रिका माहीत असते ती सिंह, जिराफ आणि दुष्काळ यांपुरती. नाताळ माहीत असतो तो बर्फ, केक आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज यांच्यामुळे. दोन्ही चित्रं अपुरी आहेत, आणि ती पुरी करायला इथिओपियाइतका चांगला देश नाही.

तिथला नाताळ येतो 7 जानेवारीला. त्याला म्हणतात गेन्ना. आदल्या रात्री पांढरीशुभ्र सुती वस्त्रं लेऊन माणसं चर्चकडे निघतात, चपला बाहेर काढून आत जातात. ढोलाच्या तालावर उत्तररात्रीपर्यंत प्रार्थना चालते. त्याआधी चाळीसहून अधिक दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. सणाच्या दिवशी हा उपास सुटतो तो डोरो वट या कोंबडीच्या झणझणीत रश्श्याने. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली मोठी, जाळीदार इंजेरा मधोमध ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यातूनच तोडून खायचं, अशी तिथली पंगत. एकमेकांना प्रेमाने घास भरवायची रीतही आहे. गावाकडची मुलं वाकड्या काठ्यांनी लाकडी चेंडू टोलवत एक खेळ खेळतात. त्याचंही नाव गेन्नाच.

सण नसतानाही या देशात मुलांना रमवणारं बरंच आहे. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं: बारा महिने तीस-तीस दिवसांचे, तेरावा अवघ्या पाच किंवा सहा दिवसांचा. तास मोजतात ते सूर्योदयापासून. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो, त्याला तिथे एक वाजला असं म्हणतात.

ख्रिस्ती धर्म गोऱ्या लोकांनीच आफ्रिकेत नेला, हा समज तर मोठ्यांचाही असतो. पण इथिओपियातल्या प्राचीन अक्सुम राज्याचा राजा एझाना ख्रिस्ती झाला तो इसवी सनाच्या चौथ्या शतकात. इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन राजांनी हा धर्म स्वीकारला, त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधी. याच देशातल्या लालिबेला गावातली 11 चर्च अखंड खडकात कोरलेली आहेत. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्या मुलाला त्यांतलं सेंट जॉर्जचं चर्च दाखवावं. वरून खाली कोरत जाण्याची ती रीत त्याला लगेच कळेल.

मात्र हे सगळं संग्रहालयातल्या वस्तूसारखं दाखवू नये. बुधवारी आणि शुक्रवारी उपास करणारं घर, शेजारचं मुसलमान कुटुंब, अंगणातली कॉफी, शाळेची वाट यांच्यासह ही श्रद्धा मुलांपुढे यायला हवी. 2007च्या जनगणनेनुसार देशातले सुमारे एक तृतीयांश लोक मुसलमान आहेत, तेही सांगायला हवं.

महाराष्ट्राला हा देश परकाही नाही. निजामशाही सांभाळणारा आणि 1610मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातच जन्मला होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. त्याची जन्मभूमी मात्र भेटत नाही.

यंदा शाळेत नाताळचा कार्यक्रम ठरवताना शिक्षकांनी भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावावा, इथिओपियावर बोट ठेवावं आणि 7 जानेवारीची गोष्ट सांगावी. पालकांनी घरी तेवढीच दहा मिनिटं काढावीत.